केंद्रकाच्या दारात विषाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीविज्ञान शिकवताना विषाणूंचा धडा आला की वर्गात हमखास हात वर होतात. करोनाच्या काळात तर शेजारीपाजारीही जिन्यात थांबवून विचारायचे. त्यातलेच काही प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत. तिथे माझाही जीव अडकतो, त्याला इलाज नाही.

विषाणूला केंद्रकात जायची गरजच काय? पेशीत शिरला, झालं ना काम?

कुणाचं काम कुठे होतं, त्यावर आहे. डीएनएच्या प्रती काढणारी यंत्रणा, डीएनएवरून आरएनए उतरवणारी यंत्रणा, त्या आरएनएची काटछाट करणारी यंत्रणा, हे सगळं केंद्रकात असतं. नागीण, कावीळ ब, सर्दी आणि डोळे येणं यामागचा अडिनोव्हायरस, एचआयव्ही या सगळ्यांना यातलं काही ना काही लागतं. देवीचा विषाणू डीएनएचाच, पण तो आपली यंत्रसामग्री सोबत घेऊन येतो आणि बाहेर पेशीद्रवातच संसार थाटतो. उलट फ्लूचा विषाणू आरएनएचा, म्हणजे त्याने बाहेरच राहायला हवं होतं, तरी तो आत जातो. का, ते पुढे येईल.

केंद्रकाचं दार नेमकं कसं असतं?

शाळेच्या पुस्तकात केंद्रकाच्या कडेवर ठिपके काढलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं ‘केंद्रकछिद्र’. त्या ठिपक्यावर फार अन्याय झालाय. माणसाच्या पेशीतल्या एका छिद्राभोवती सुमारे तीस प्रकारची प्रथिनं असतात. प्रत्येक प्रकार आठ-आठच्या पटीत, आणि सगळी मिळून जवळपास हजार. त्यांना न्यूक्लिओपोरिन म्हणतात, थोडक्यात ‘नप’. बाहेरून हे कडं सुमारे १२० नॅनोमीटर रुंद असतं आणि एका पेशीत अशी काही हजार दारं असतात.

दार म्हटलं तरी त्याला फळी नाही. काही नप प्रथिनांच्या लांब, सैल शेपट्या मधल्या पोकळीत लोंबतात. या शेपट्यांवर थोड्या थोड्या अंतराने फेनिलअॅलानीन आणि ग्लायसीन ही अमिनो आम्लांची जोडी येते. या जोड्या एकमेकींना हलकेच चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. जुन्या घरांच्या दारात मण्यांचा पडदा असायचा ना, तो डोळ्यांसमोर आणा, फक्त मणी किंचित चिकट हवेत. पाणी, मीठ, साखर, छोटी प्रथिनं यातून सहज निसटतात. साधारण ४० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) वरचं प्रथिन मात्र अडतं. ज्याच्या अंगाला हे मणी चिकटतात तोच त्यांच्यात विरघळल्यासारखा आत सरकतो. प्रयोगशाळेत मोजलंय, एका छिद्रातून सेकंदाला हजारभर फेऱ्या होऊ शकतात. दादरचा पूल याच्यापुढे निवांत वाटेल.

मग मोठ्या प्रथिनांना आत कोण नेतं?

इम्पोर्टिन नावाचे हमाल. मालावर एक छोटी पट्टी असते, अमिनो आम्लांची. हमाल ती ओळखतो, माल उचलतो आणि पडद्यातून आत जातो, कारण मणी त्याच्या अंगाला चिकटतात. आत रॅन नावाचं एक छोटं प्रथिन जीटीपी हा रेणू घेऊन बसलेलं असतं. ते हमालाला येऊन बिलगलं की हातातला माल खाली पडतो. बाहेर हेच रॅन जीटीपी मोडून बसलेलं असतं. आत एक रूप, बाहेर दुसरं, एवढ्या फरकावर वाहतुकीची दिशा ठरते. बाहेर जाणाऱ्या मालासाठी एक्स्पोर्टिन असतात. त्यांना माल उचलायलाच रॅन-जीटीपी लागतं, म्हणजे त्यांचा कारभार उलटा.

आता गंमत ऐका. ती पट्टी पहिल्यांदा सापडली ती एका विषाणूच्या प्रथिनात. एसव्ही-४० हा माकडांचा विषाणू. पोलिओ लशीसाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवत असत, त्यात तो १९६० मध्ये सापडला. त्याचं ‘टी अँटिजेन’ नावाचं प्रथिन सरळ केंद्रकात जाऊन बसतं. १९८४ मध्ये दोन गटांनी दाखवलं की त्यातलं १२८ क्रमांकाचं एक लायसीन बदललं तर तेच प्रथिन केंद्रकाबाहेर अडकून राहतं. संपूर्ण पट्टी अवघ्या सात अमिनो आम्लांची: प्रोलीन, तीन लायसीन, आर्जिनीन, लायसीन, व्हॅलीन. हीच पट्टी दुसऱ्या, एरवी बाहेर राहणाऱ्या प्रथिनाला चिकटवली तर तेही आत जातं. आज कुठल्याही प्रयोगशाळेत एखादं प्रथिन केंद्रकात पाठवायचं असलं की बहुतेक वेळा हीच पट्टी जोडतात. दाराचा परवाना आपल्याला चोराच्या खिशात मिळाला, असं मी वर्गात सांगते.

फ्लूचा विषाणू आरएनएचा असून आत का जातो?

चोरीसाठी. त्याला स्वतःच्या आरएनएवर ‘टोपी’, म्हणजे टोकावरची रासायनिक खूण, घालता येत नाही, आणि टोपी नसलेला आरएनए पेशी प्रथिन बनवायला घेत नाही. म्हणून तो केंद्रकात जाऊन पेशीच्या ताज्या आरएनएची टोपी, सोबत दहा-तेरा अक्षरांच्या तुकड्यासकट, कापून घेतो आणि आपल्याला लावतो. शिवाय त्याच्या दोन तुकड्यांना काटछाटही लागते, तीही तिथेच होते.

त्याचा जीनोम आठ तुकड्यांत असतो. प्रत्येक तुकडा एनपी नावाच्या प्रथिनात गुंडाळलेला, बारीक कांडीसारखा. एनपीवर पट्टी आहे, इम्पोर्टिन ती ओळखतो, आणि आठही कांड्या आत जातात. इथवर सरळ आहे. पण थोड्या तासांनी नव्या कांड्या बाहेर पडायला हव्यात, आणि त्यांच्यावर आत नेणारी तीच पट्टी असते. मग त्या दारातच येरझाऱ्या का घालत बसत नाहीत?

उत्तर एम-१ या प्रथिनात आहे. नव्या कांडीवर एम-१ बसतं, त्याच्यावर एनईपी नावाचं दुसरं छोटं प्रथिन, आणि ते सीआरएम-१ या एक्स्पोर्टिनला धरतं. कांडी बाहेर जाते. एम-१ अंगावर असेपर्यंत ती पुन्हा आत शिरत नाही. नव्या पेशीत गेल्यावर तिथल्या आम्लतेने एम-१ गळून पडतं आणि कांडी पुन्हा आत जायला मोकळी होते. जाणं आणि येणं एका सदऱ्यावर ठरतं, घातला की बाहेर, काढला की आत. १९९१ मध्ये हे दाखवलं गेलं. माझ्या मते विषाणूशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी ते एक आहे.

पण विषाणू तर छिद्रापेक्षा मोठे असतात. मावतात कसे?

काही मावतात. छिद्रातून अख्खी वस्तू किती मोठी जाऊ शकते, हे २००२ मध्ये सोन्याच्या कणांवर इम्पोर्टिन लावून मोजलं, तेव्हा ३९ नॅनोमीटरपर्यंतचे कण गेले. कावीळ ब विषाणूचं कवच साधारण ३६ नॅनोमीटरचं. म्हणजे तो माप घेऊन शिवल्यासारखा आहे. तो दारात शिरतो, आतल्या बाजूच्या जाळीत नप-१५३ ला अडकतो आणि तिथेच कवच उकलतं.

जे मावत नाहीत ते दारात माल टाकतात. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस सिम्प्लेक्सचं कवच १२५ नॅनोमीटरचं. त्यात दीड लाखाहून जास्त अक्षरांचा, उलगडला तर ५० मायक्रोमीटर लांबीचा डीएनए कोंबलेला असतो. इतका घट्ट, की आतला दाब सुमारे १८ वातावरणांइतका भरतो. चारचाकीच्या टायरमधल्या हवेच्या आठपट धरा. कवच छिद्रावर येऊन टेकतं, एका टोकाचं झाकण उघडतं आणि डीएनए फवारल्यासारखा आत जातो. रिकामं कवच दाराबाहेर पडून राहतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रिकामी कवचं केंद्रकाच्या कडेला दाटून बसलेली दिसतात.

अडिनोव्हायरसची तऱ्हा आणखी निराळी. ९० नॅनोमीटरचं कवच नप-२१४ ला घट्ट धरून बसतं. दुसरीकडून किनेसिन हे पेशीचं मोटर-प्रथिन त्याला केंद्रकापासून दूर ओढू लागतं. एका बाजूने पकड, दुसऱ्या बाजूने ओढ, यात कवच फाटतं, आणि या झटापटीत दाराचेही काही तुकडे निघून येतात. डीएनए मग आत सरकतो.

पार्व्होव्हायरस इतका छोटा की मावायला हरकत नसावी, तरी त्याला केंद्रकाच्या पटलालाच भोकं पाडताना पाहिलंय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही पेशी विभागायची वाट बघतो, तेव्हा केंद्रकाचं पटल विरघळतं.

एचआयव्ही विभाजनाची वाट बघतो का?

नाही, आणि तो इतका धोकादायक असण्यामागे हेही एक कारण आहे. त्याच्याच कुळातला उंदरांचा ल्युकेमिया विषाणू पेशी विभागेपर्यंत खोळंबतो. एचआयव्ही विभागत नसलेल्या पेशीच्या केंद्रकातही जातो.

कसा जातो, यावर मी वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं. तेव्हा सगळेच तसं शिकवत. एचआयव्हीचं शंकूच्या आकाराचं कवच साधारण १२० नॅनोमीटर लांब आणि रुंद बाजूला ६० नॅनोमीटर. छिद्र ४० नॅनोमीटरचं मानलं जायचं. तेव्हा कवच बाहेर फुटतं आणि आतला ऐवज तेवढा जातो, असं फळ्यावर चित्र काढून सांगायचे मी. २०२१ मध्ये संसर्ग झालेल्या पेशी गोठवून त्यांचे त्रिमितीय फोटो काढले गेले. अख्खा शंकू छिद्रात अडकलेला दिसला. शिवाय जिवंत पेशीतली छिद्रं ४० ची नव्हतीच, साठच्या वर होती. आधीची मापं पेशीतून काढलेल्या, आक्रसलेल्या छिद्रांची होती. दार मोजायला भिंतीतून उखडून काढलं, म्हणून माप चुकलं.

पण नुसतं मावून भागत नाही. तो चिकट पडदा उरतोच. इम्पोर्टिनच्या खांद्यावर बसून एचआयव्ही आत जातो, असं बरेच दिवस वाटत होतं. २०२४ च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की त्याला हमालाची गरजच नाही. कवचावर सुमारे १,५०० प्रथिनं असतात आणि दर प्रथिनावर एक छोटा खिसा असतो. पडद्यातले फेनिलअॅलानीनचे मणी त्या खिशात नेमके बसतात. हजारभर खिशांनी शंकू पडद्यातून स्वतःच खेचला जातो. कवचच हमाल झालं! आत पोचल्यावर सीपीएसएफ-६ हे प्रथिन त्याच खिशात बसतं आणि त्याला दारातून सोडवून आत ओढतं.

आत गेलेला एचआयव्ही परत बाहेर कसा येतो?

त्याचा डीएनए आपल्या डीएनएत शिवला जातो, तो कायमचा आत. बाहेर यायचा असतो त्याचा आरएनए. पेशीचा नियम असा की काटछाट न झालेला आरएनए बाहेर सोडायचा नाही. एचआयव्हीला तर अख्खा, न कापलेला आरएनएच पुढच्या विषाणूत भरायचा असतो. त्यासाठी रेव्ह नावाचं प्रथिन तो बनवतो. ते न कापलेल्या आरएनएच्या एका ठरावीक वळणावर बसतं आणि सीआरएम-१ ला धरून त्याला बाहेर काढतं. ‘बाहेर जा’ ही पट्टी ज्या पहिल्या दोन प्रथिनांत १९९५ मध्ये ओळखली गेली, त्यातलं एक रेव्ह. म्हणजे आत जायचा परवाना एका विषाणूकडून कळला आणि बाहेर यायचा दुसऱ्याकडून.

जे विषाणू केंद्रकात जातच नाहीत, त्यांचा या दाराशी संबंध नसणार?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. ते आत जात नाहीत, पण दार अडवतात.

पेशीला विषाणूची चाहूल लागली की इंटरफेरॉन सुटतो, आणि त्याचा निरोप घेऊन एसटीएटी-१ हे प्रथिन केंद्रकात जातं. तो निरोप पोचला तरच विषाणूविरोधी जनुकं चालू होतात. त्या जनुकांचे आरएनए पुन्हा त्याच दारातून बाहेर यावे लागतात. म्हणजे दार बंद पाडलं की तक्रार वर पोचत नाही आणि मदतही खाली येत नाही.

पोलिओचा विषाणू आपल्या कात्रीने, म्हणजे २ए या प्रथिनाने, नप-९८, नप-६२, नप-१५३ कापून टाकतो. पडदाच फाटतो. केंद्रकातली काही प्रथिनं बाहेर सांडतात, आणि त्यातली काही विषाणूला उपयोगी पडतात.

चांदीपुराचं नाव आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलं असेल. नागपूर जिल्ह्यातलं गाव. १९६५ मध्ये तिथे तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संस्थेला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला, हा विषाणू सापडला. वालुमाशी तो पसरवते. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे बळी घेतले. तो ज्या घराण्यातला, त्यातल्या व्हीएसव्ही या गुरांच्या विषाणूचं एम प्रथिन दारातल्या आरएई-१ आणि नप-९८ या जोडीवर जाऊन बसतं आणि पेशीच्या आरएनएचा बाहेरचा रस्ता तुंबवतं. चांदीपुराचं एम प्रथिनही केंद्रकाची वाहतूक जोरदार अडवतं, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं.

आता करोना. त्याचं ओआरएफ-६ हे प्रथिन उणंपुरं ६१ अमिनो आम्लांचं. तेही त्याच जोडीवर बसतं आणि एसटीएटी-१ ला आत जाऊ देत नाही. व्हीएसव्हीमध्ये ५१ व्या जागेवरचं मिथिओनीन आरएई-१ च्या खाचेत शिरतं, करोनात ५८ व्या जागेवरचं मिथिओनीन. ते एक बदललं की दोघांचीही पकड सुटते. या दोन विषाणूंचं एकमेकांशी नातं नाही, तरी दोघांना दाराची एकच दुखरी नस सापडली आहे.

इबोलाही असंच करतो का?

तो जास्त नेमका आहे. त्याचं व्हीपी-२४ प्रथिन इम्पोर्टिन अल्फावर जिथे एसटीएटी-१ बसतं, तेवढीच जागा अडवतं. बाकीची वाहतूक चालू राहते.

आयव्हरमेक्टिन याच दारावर काम करतं म्हणून करोनात देत होते ना?

हो, कल्पना तीच होती. हे जंतांचं जुनं औषध इम्पोर्टिनला अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात पेशींवर प्रयोग झाला, ४८ तासांत विषाणूचा आरएनए हजारोपटीने घटला आणि बातमी जगभर गेली. पण बशीत वापरलेली मात्रा ५ मायक्रोमोलर होती. नेहमीची गोळी घेऊन रक्तात तेवढं औषध चढत नाही, कितीतरी कमी चढतं. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरील सर्वांना पाच दिवस १२ मिलिग्रॅम देण्याची घोषणा केली. त्याच सप्टेंबरात देशाच्या उपचार-सूचनांतून ते वगळलं गेलं. पुढे ब्राझील आणि अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या, फायदा दिसला नाही.

मला यात इम्पोर्टिनची कल्पना हास्यास्पद वाटत नाही. बशीतला आकडा आणि रक्तातला आकडा शेजारी ठेवून कुणी बघितला नाही, हे खटकतं.

मग दारावर चालणारं एकही औषध नाही?

आहेत. सीआरएम-१ अडवणारं सेलिनेक्सॉर २०१९ पासून अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी वापरतात. त्याआधीचं लेप्टोमायसिन बी इतकं विषारी निघालं की ते प्रयोगशाळेपुरतंच उरलं. पेशीचं स्वतःचं दार बंद केलं तर पेशीही मरते, ही यातली अडचण.

एचआयव्हीवरचं लेनाकापाविर दुसऱ्या बाजूने येतं. ते दाराला हात लावत नाही, कवचावरच्या त्या खिशात बसतं. मण्यांसाठीची जागाच भरली जाते, आणि शंकू ताठर होऊन फुटतो. वर्षाला दोन इंजेक्शनं पुरतात. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. त्याची स्वस्त आवृत्ती बनवायचा परवाना त्याच वर्षी सहा कंपन्यांना मिळाला, त्यातली एमक्युअर पुण्याची.

कोविशील्डमध्ये अडिनोव्हायरस होता. म्हणजे त्याचा डीएनए माझ्या केंद्रकात गेला?

गेला, काही पेशींच्या. तिथे तो सुटा राहतो. एचआयव्हीसारखं आपल्या डीएनएत शिवून घेणारं यंत्र त्याच्याजवळ नसतं, आणि स्वतःच्या प्रती काढायला लागणारं जनुकही त्यातून काढलेलं असतं.

झाडांच्या विषाणूंनाही हे सगळं करावं लागतं का?

हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला, घरी भेंडी करणाऱ्या. भेंडीवर हळद्या येतो, पानांच्या शिरा पिवळ्याजर्द होतात, फळ पांढुरकं आणि दडस निघतं. त्याचा विषाणू डीएनएचा, जुळ्या दाण्यांसारखा, पांढरी माशी तो पानाच्या शिरेत सोडते. त्याच्याकडे डीएनएच्या प्रती काढणारं स्वतःचं यंत्र नाही, म्हणून केंद्रकात जाणं भागच आहे, आणि कवचाच्या प्रथिनावर तशी पट्टी आहे. वाढ झालेल्या पानातल्या पेशींनी तर ते यंत्र बंद करून ठेवलेलं असतं. विषाणू आत जाऊन ते पुन्हा चालू करायला लावतो.

“मग फवारायचं काय?” त्याने लगेच विचारलं. विषाणूवर काहीच नाही. पिवळे चिकट सापळे लावून माशी धरायची, आणि पहिली पिवळी झाडं दिसताच उपटून टाकायची.